मनोविकारतज्ज्ञ-सल्ला (चिकित्सकांसाठी)

गुंतागुंतीच्या मानसिक आजाराचा रुग्ण स्वतःकडेच ठेवून, उपचार करणाऱ्या डॉक्टरने किंवा मानसशास्त्रज्ञाने मनोविकारतज्ज्ञाचे मत घेण्याची पद्धत. वॉर्डात तिला ‘सायकियाट्री रेफरन्स’ म्हणतात. फोनवर होते ते नुसते ‘ओपिनियन’. रुग्ण दुसऱ्याच्या हवाली होत नाही, हा तिचा विशेष.

‘ठाण्याला पाठवा’ हा मराठीतला जुना, बोचरा विनोद. त्याचे मूळ १९०१ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आहे. येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. विनोद सोडला तरी त्यामागची रीत खरी होती: मन बिघडले की माणूस पाठवून द्यायचा. आज मात्र नौपाड्यातला फॅमिली डॉक्टर, वाशीचा फिजिशियन किंवा शाळेतली समुपदेशक यांच्याकडेच असे रुग्ण आधी येतात आणि पुष्कळदा तिथेच राहतात. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थेत मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र काम करतात. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला अशी सोबत नसते.

केस गुंतागुंतीची होते ती बहुधा शरीर आणि मन एकमेकांत अडकल्यामुळे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे सायक्लोसेरिन काही रुग्णांत भ्रम व संशय निर्माण करते. तिथे नवी गोळी सुरू करण्याआधी जुन्या गोळीकडे पाहावे लागते. रिफॅम्पिसिन या क्षयरोगाच्याच औषधामुळे अनेक मनोविकारविरोधी औषधांचे रक्तातील प्रमाण घटते आणि वर्षानुवर्षे स्थिर असलेला रुग्ण अचानक बिघडतो. मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम घेणाऱ्या आजींनी गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतली, तर उलट रक्तातले लिथियम वाढून विषबाधेपर्यंत पोचू शकते. ऑपरेशननंतर संध्याकाळी बरळू लागलेल्या आजोबांना ‘वेड लागले’ असे घरचे म्हणतात. तो बहुतेकदा डिलिरियम, म्हणजे शारीरिक कारणाने अचानक झालेला मेंदूचा गोंधळ, असतो आणि त्याचे कारण जंतुसंसर्गात, रक्तातल्या सोडियममध्ये किंवा औषधात सापडते.

स्किझोफ्रेनियात दोन औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी साधारण सहा आठवडे देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिन या औषधाचा विचार होतो. त्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी लागते, कारण या औषधाने त्या घटू शकतात. पण ‘गुण नाही’ असे सांगणाऱ्या डॉक्टरला अनुभवी तज्ज्ञ आधी विचारतो, गोळ्या पोटात जातात ना? प्रश्न साधा वाटतो, पण पुष्कळ केसेस इथेच सुटतात.

सल्ल्याचा कस प्रश्नावर ठरतो. ‘पेशंट झोपत नाही, ओपिनियन द्यावे’ या चिठ्ठीला उत्तरही तितकेच मोघम मिळते. आजार कधी व कसा सुरू झाला, कोणते औषध किती मात्रेत किती दिवस दिले, दारूचे प्रमाण, आत्महत्येचे विचार आणि घरात सोबत कोण आहे, इतके लिहिले तरी निम्मे काम होते. मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड कॅप्लन यांनी अशा सल्ल्याचे प्रकार सांगताना रुग्णाविषयीची अडचण आणि विचारणाऱ्याची स्वतःची अडचण यांत फरक केला होता. दुसरी अडचण मान्य करणे डॉक्टरांना जड जाते, हे इथे नोंदवायला हरकत नाही.

२०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एक डॉक्टर दुसऱ्याचा सल्ला दूरस्थपणे घेऊ शकतो. उपचारांची जबाबदारी विचारणाऱ्याकडेच राहते. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मात्र मुख्यतः नागरिकांसाठी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचे बंधन घालतो. उपचारांसाठी दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला आवश्यक माहिती देण्याची मुभा त्यात आहे. रुग्णाच्या नावासकट रिपोर्ट डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे या मुभेत बसत नाही. याच कायद्यानुसार तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित व्यक्ती (रुग्णाचा नेमलेला प्रतिनिधी) उपलब्ध असल्यास तिच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो; विद्युत-उपचार मात्र त्यात येत नाहीत. फोनवर मिळालेले मत तारीख-वेळेसह केसपेपरवर उतरवतात, कारण रात्रपाळीच्या डॉक्टरच्या हाती तेवढेच असते.