गाबोळीच्या आधी: माशांची जननग्रंथी आणि मायक्रोआरएनए

मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांकडून निघालेले संदेश दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे. २०२४मध्ये त्यांच्या शोधाला नोबेल मिळाले आणि ज्या सूत्रकृमीत १९९३मध्ये ते पहिल्यांदा सापडले, तिची गोष्ट पुन्हा सगळीकडे सांगून झाली. तिच्यात इथे शिरत नाही. माशांच्या अंडाशय-वृषणांपुरते बोलायचे तर कामाचा काळ २००५ ते २००७ हा, आणि त्यातले प्रयोगही अंडाशयावर किंवा वृषणावर नव्हते. ते काही तासांच्या गर्भावर होते.

झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाच्या अंड्यात आईने आधीच संदेशक आरएनएची, म्हणजे प्रथिने बनवण्याच्या संदेशांची, शिदोरी भरलेली असते. गर्भाची स्वतःची जनुके जागी झाली की मिआर-४३० नावाचा मायक्रोआरएनए मुबलक तयार होतो आणि हा जुना साठा साफ करायला घेतो. नॅनोस-१ आणि टीडीआरडी-७ या जनुकांचे संदेशही त्याच्या तावडीत सापडतात. पण पुढे अंडी किंवा शुक्राणू बनणाऱ्या पेशींना तर हेच संदेश हवे असतात. २००७मध्ये याचा उलगडा झाला: या पेशींतले ‘डेड एंड’ नावाचे प्रथिन संदेशावर अशा ठिकाणी बसते, की मिआर-४३०ला तिथे चिकटताच येत नाही. इतरत्र संदेश नष्ट, इथे शाबूत. झेब्राफिशमध्ये या मूळ जननपेशी नष्ट केल्या तर मासा वांझ नर होतो, म्हणजे जननग्रंथीचे लिंगही या पेशींवर अवलंबून असते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात भक्कम दुवा आजही हाच आहे.

पुढे सिक्वेन्सिंग, म्हणजे आरएनएची अक्षरे वाचण्याचे तंत्र, स्वस्त झाले आणि शोधनिबंधांचा एक साचा पडला. तिलापिया घ्या, कार्प घ्या, शिंगाळा घ्या. अंडाशय आणि वृषण वेगवेगळे वाटून लगदा करा, दोन्हींतले मायक्रोआरएनए मोजा, फरक दिसला की ‘लिंगविकासात भूमिका’ असे लिहा. वादाची जागा ही. कोळणीकडून गाबोळी घेतलेल्या कोणाही मुंबईकराला ठाऊक असते, की पिकलेले अंडाशय म्हणजे जवळपास नुसती अंडीच. वृषणात शुक्राणूंची गर्दी. दोन्ही वाटून मोजले तर आकड्यांत दिसतो तो बराचसा फरक कुठल्या पेशी किती, याचा असतो. जननग्रंथी घडवली कोणी, हे त्यातून कळत नाही. मायक्रोआरएनएचे लक्ष्य कोणते हेही बहुधा संगणकाच्या अंदाजावरून ठरते. फार तर ल्युसिफरेजची, म्हणजे चमकणाऱ्या प्रथिनाच्या उजेडावरून संदेश दबला का हे पाहणारी, चाचणी होते, तीही ताटलीतल्या पेशींवर. अशा याद्या निरुपयोगी नाहीत, पण त्यांना पुरावा म्हणणे मला पटत नाही.

मग मायक्रोआरएनए बंद करून पाहावा, तर तिथेही भांडण होतेच. आधी मॉर्फोलिनो, म्हणजे आरएनएला चिकटून त्याचे काम तात्पुरते अडवणारा कृत्रिम रेणू, टोचून काम भागवत. २०१५मध्ये दाखवून दिले गेले, की झेब्राफिशमध्ये मॉर्फोलिनोने दिसणारे कित्येक दोष जनुक कायमचे मोडल्यावर दिसतच नाहीत. एका बाजूने मॉर्फोलिनोला खोटे ठरवले. दुसरी बाजू म्हणाली, की मोडलेल्या जनुकाची भरपाई इतर जनुके करतात, आणि त्याच वर्षी त्याला आधारही मिळाला. दोघांचेही थोडे थोडे खरे निघाले, पण जुन्या निबंधांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

म्हणून २०१८चा मेडाका या छोट्या माशावरचा प्रयोग मला जास्त वजनाचा वाटतो. त्यात मिआर-२०२ या मायक्रोआरएनएचे जनुकच काढून टाकले होते. माद्यांनी अंडी घातलीच नाहीत किंवा फार थोडी घातली. इथे यादी नव्हती, परिणाम होता.

जिताड्याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. आपल्या खाड्यांतला हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. बदलाच्या काळात एकाच ग्रंथीत वृषणाचा भाग विरत असतो आणि अंडाशयाचा वाढत असतो. अशी ग्रंथी अख्खी वाटून मोजली तर हाती येतो तो दोन्हींचा लगदा. जिताड्याच्या पैदाशीसाठी यातून काही मिळवायचे असेल, तर पेशी वेगवेगळ्या करून मोजाव्या लागतील.