१२३४५६७८९८७६५४३२१ (डेम्लो संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी पूर्ण वर्गसंख्या आहे, १११११११११ (नऊ वेळा १) चा वर्ग. उलटी वाचली तरी तीच. डेम्लो संख्यांमधली ही सगळ्यात देखणी, आणि तिचं नाव आपल्या सेंट्रल लाईनवरून आलंय हे डोंबिवली फास्ट पकडणाऱ्या कितीतरी जणांना माहीतच नसतं. डहाणूला जन्मलेले, देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी हे नाव दिलं ते मुंबईपासून साधारण ३० मैलांवरच्या जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) डेम्लो स्टेशनवरून, म्हणजे आजचं डोंबिवली, कारण या संख्यांचा अभ्यास करायचं त्यांना तिथेच सुचलं. १९३८ मध्ये त्यांनी त्यावर लेखही छापला.

आता डेम्लो म्हणजे नेमकं काय? बरेच लोक फक्त १२१, १२३२१ असे चढत-उतरत जाणारे आकडे धरतात, पण कापरेकरांची व्याख्या त्याहून मोठी आहे. संख्येचे तीन तुकडे करायचे, डावा आणि उजवा मिळवला की मधल्या तुकड्यातलाच अंक परत परत यायला हवा. उदा. १५५४ घ्या, १ आणि ४ मिळून ५, मध्ये ५५. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये एकटा ९ बसलाय. खरंच सुंदर आहे हे!

हा आकार येतो कसा ते कागदावर गुणाकार मांडला की लगेच दिसतं. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, मग कडेच्या उभ्या रांगेत एकच १, पुढच्या रांगेत दोन, असं करत मधल्या रांगेत बरोबर नऊ, आणि हातचा कुठेच येत नाही. सगळी गंमत त्या न आलेल्या हातच्यात आहे. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रांगेची बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं मोडतं. म्हणजे दशमान पद्धतीत हा चढ-उतार इथेच संपतो.

अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, म्हणून एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, आणि संख्येला त्याच ८१ ने गुणलं की ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

एक्सेलमध्ये मात्र ही संख्या टाईप करून तपासायला जाऊ नका, ते पंधराच अंक धरतं, त्यामुळे शेवटच्या २१ चे ०० होतात. लिहून गुणाकार करा, पाच मिनिटांचं काम आहे.