जेम्स बाँड : भूमिकेच्या पात्रयोजनेचा वाद

इंग्रज कादंबरीकार इअन फ्लेमिंग (१९०८–१९६४) यांनी निर्माण केलेल्या जेम्स बाँड या गुप्तहेराची भूमिका पडद्यावर कोणाला अधिक शोभली असती, याविषयीची दीर्घकालीन चर्चा. इऑन प्रॉडक्शन्सच्या चित्रपटमालिकेत १९६२ ते २०२१ या काळात शॉन कॉनरी, जॉर्ज लॅझनबी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनियल क्रेग या सहा नटांनी ही भूमिका केली. त्याआधी १९५४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर बॅरी नेल्सन यांनी ‘जिमी बाँड’ साकारला होता. वादाचा मोठा भाग मात्र निवड न झालेल्या नटांविषयी आहे.

मूळ वर्णन : कसोटी म्हणून बहुधा फ्लेमिंग यांच्या संहितेकडे बोट दाखवले जाते. कॅसिनो रॉयाल (१९५३) या पहिल्या कादंबरीत बाँडची तुलना अमेरिकन गायक-संगीतकार हॉगी कारमायकल यांच्याशी केलेली आहे. १९५७ च्या कादंबरीतील सोव्हिएत नोंदपत्रात उंची १८३ सेंमी., वजन ७६ किग्रॅ., सडपातळ बांधा, निळे डोळे, काळे केस आणि उजव्या गालावर उभा व्रण असा तपशील येतो. चित्रपटांनी हा व्रण पहिल्यापासूनच सोडून दिला. त्यामुळे ‘पुस्तकातला बाँड’ हा निकष पडद्यावर कधीच काटेकोरपणे लागलेला नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

स्कॉटिश मूळ : कॉनरी हे एडिंबरोचे. त्यांच्या निवडीविषयी फ्लेमिंग सुरुवातीला साशंक होते, पण त्यांचे काम पाहून मत बदलले आणि बाँडला स्कॉटिश वडील दिले, असे सर्वत्र सांगितले जाते. कालक्रम या मताच्या अगदी विरुद्ध नाही. वडील स्कॉटिश व आई स्विस असल्याचे बाँड ज्या कादंबरीत सांगतो, ती १९६३ मध्ये प्रकाशित झाली. तिचे लेखन १९६२ च्या आरंभी जमेकातील फ्लेमिंग यांच्या घरी झाले आणि त्याच सुमारास त्याच बेटावर पहिल्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. ग्लेन्को येथील पिता आणि व्हो परगण्यातील माता हा तपशील १९६४ च्या कादंबरीतील मृत्युलेखात पक्का झाला. तथापि फ्लेमिंग यांचे आजोबा रॉबर्ट फ्लेमिंग हे डंडी येथून पुढे आलेले वित्तव्यावसायिक होते. स्कॉटिश वारसा लेखकाच्या घरातच होता. कॉनरी हे निमित्त असावेत, उगम घरचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आरंभीचे उमेदवार : फ्लेमिंग यांची पसंती डेव्हिड निव्हन यांना होती असे वारंवार लिहिले जाते. परंतु १९५९ च्या सुमारास त्यांनी एका पत्रात रिचर्ड बर्टन यांचे नाव सुचवल्याचा दाखला दिला जातो. समकालीन पत्र म्हणून त्याचे वजन अधिक मानावे. कॅरी ग्रँट एकापेक्षा अधिक चित्रपटांना बांधून घेण्यास तयार नव्हते, तर पॅट्रिक मॅगूहन यांना भूमिकेतील नैतिकता पटली नाही, असे सांगतात. कॉनरी तेव्हा तयार ‘बाँड’ नव्हते. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी त्यांना स्वतःच्या शिंप्याकडे नेले. अंगाला सवय व्हावी म्हणून नवा सूट घालूनच झोपायला सांगितले, अशी आठवण प्रसिद्ध आहे. नट शोधला गेला तितकाच घडवलाही गेला, ही बाब ‘अमुक असता तर’ म्हणणाऱ्यांकडून नेहमी निसटते.

चाचणीचा प्रसंग : फ्रॉम रशिया विथ लव्ह (१९६३) मधील हॉटेलच्या खोलीतला प्रसंग पुढे अनेक उमेदवारांच्या स्क्रीन टेस्टसाठी वापरला गेला. स्नानगृहात असलेल्या बाँडला चाहूल लागते, तो टॉवेल गुंडाळून पिस्तूल हाती घेतो आणि पलंगावर अनोळखी स्त्री पाहतो. सावधपणा, दरारा आणि लाघव ही तिन्ही काही मिनिटांत, एकमेकांना धक्का न लावता दाखवावी लागतात. म्हणूनच हा प्रसंग कसोटीला उतरला. जेम्स ब्रोलिन आणि सॅम नील यांच्या १९८० च्या दशकातील चाचण्यांचे चित्रण पुढे प्रेक्षकांना पाहायला मिळाले. ज्या थोड्या उमेदवारांविषयी डोळ्यांनी पाहून बोलता येते, त्यांत हे दोघे येतात. त्यांच्यावरील चर्चा त्यामुळे अधिक मोलाची आहे.

वय व मोकळीक : डाल्टन यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस विचारणा झाली, तेव्हा त्यांना स्वतःचे वय कमी वाटले, त्यांचा पहिला बाँडपट १९८७ मध्ये आला. ब्रॉस्नन यांची १९८६ मध्ये झालेली निवड दूरचित्रवाणी मालिकेच्या करारामुळे हुकली आणि त्यांचा पहिला बाँडपट १९९५ मध्ये आला. मूर पहिल्या चित्रपटाच्या वेळी ४५ वर्षांचे, तर अखेरच्या वेळी ५७ वर्षांचे होते. २००५ मध्ये हेन्री कॅव्हिल वयाने लहान ठरले. ‘योग्य नट’ म्हणजे बहुधा योग्य वर्षी मोकळा असलेला नट, असेच या नोंदींवरून दिसते. २००५ मध्येच निवड झालेल्या क्रेग यांच्या सोनेरी केसांवरून उठलेला निषेध पुढच्या वर्षी चित्रपट आल्यावर ओसरला.

अलीकडे कृष्णवर्णीय ब्रिटिश नट इद्रिस एल्बा यांच्या नावामुळे वर्णाचा प्रश्न चर्चेत आला. मालिकेचे सर्जनशील नियंत्रण २०२५ मध्ये ॲमेझॉन एमजीएमकडे गेले आणि पुढील चित्रपटाचे दिग्दर्शन देनी व्हिलनव्ह यांच्याकडे सोपवण्यात आले.