हिपॅटायटिस सी आणि इन्सुलिन प्रतिरोध

हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तावाटे शिरतो, यकृतात ठाण मांडतो. सहा महिन्यांनंतरही तो रक्तात असेल तर संसर्ग दीर्घकालीन धरतात. अशा रुग्णांत इन्सुलिन प्रतिरोध आणि टाइप २ मधुमेह इतरांपेक्षा जास्त आढळतो, तोही सिऱ्हॉसिस (यकृत कायमचे कडक व निकामी होत जाणे) व्हायच्या आधीच. ‘आमच्यात कुणालाच शुगर नाही, मग मला कशी?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला नुसते भात-गोड बंद करायला सांगून भागत नाही.

प्रतिरोधात स्वादुपिंड इन्सुलिन बनवते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी आयआरएस-१ व आयआरएस-२ ही प्रथिने विषाणूच्या कोअर (गाभ्याच्या) प्रथिनामुळे नष्ट होऊ लागतात. दाहातून वाढलेले टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन त्यात भर घालते. मग यकृत उपाशीपोटीही साखर सोडत राहते आणि स्नायू ती उचलत नाहीत. भारतात जास्त आढळणारा विषाणूचा जनुकप्रकार ३ तर यकृतात थेट चरबी साठवतो. उलट बाजूने, प्रतिरोध असला की यकृतातली तंतुमयता (व्रणासारखे तंतू साठणे) लवकर वाढते.

प्रतिरोध मोजण्याचा हिशेब सोपा आहे. उपाशीपोटी रक्तातली साखर १०८ (मिग्रॅ/डेसिलिटर) आणि इन्सुलिन १५ (मायक्रोयुनिट/मिलिलिटर) असेल, तर गुणाकार १६२०. त्याला ४०५ ने भागले की ४. साधारण अडीचच्या वर आकडा गेला की प्रतिरोध मानतात. डायलिसिसवर असलेल्या किंवा वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांत हिपॅटायटिस सी शोधायलाच हवा. मात्र त्यांच्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) फसवा ठरतो, कारण लाल पेशींचे आयुष्यच बदललेले असते. थॅलेसेमियात साठलेले लोहही मधुमेह घडवते, हे वेगळे.

सोफोसबुविर-डाक्लाटासविर या विषाणूविरोधी गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे पुरतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. विषाणू गेला की अनेकांचा प्रतिरोध उतरतो. इथे सांभाळावे लागते: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीचा जुनाच डोस चालू राहिला, तर शुगर एकदम खाली येते. दरदरून घाम, हाताला थरथर, बोलताना अडखळणे ही लक्षणे घरच्यांना आधीच सांगून ठेवावीत आणि उपचार सुरू होतानाच मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवावे. सिऱ्हॉसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवावी लागते.