स्तंभालेख, संगणकीय : मूल्यपल्ला आणि रंग

संख्यांची तुलना करण्यासाठी त्यांच्या प्रमाणात लांबी असलेले आयताकृती स्तंभ काढतात. त्या आकृतीला स्तंभालेख म्हणतात. शाळेत तो आलेखकागदावर काढतात आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण : १ सेमी = १० विद्यार्थी’ असे लिहितात. संगणकावर हे प्रमाण प्रोग्राम स्वतःच ठरवतो, म्हणून ते कुणीतरी ठरवले आहे हेच विसरायला होते. अक्ष कुठून कुठपर्यंत धरायचा (म्हणजे मूल्यपल्ला) आणि कोणत्या मूल्याला कोणता रंग द्यायचा, हे दोन निर्णय आलेख काढणाऱ्याने आपल्या हाती ठेवावेत. प्रस्तुत नोंद त्या दोन निर्णयांपुरती आहे.

स्तंभालेखाचा जनक म्हणून विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाचे नाव घेतले जाते. १७८६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘द कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास’मध्ये स्कॉटलंडची १७ देशांशी झालेली आयात-निर्यात स्तंभांनी दाखवली आहे. बाकीच्या व्यापारासाठी त्याने वर्षांनुसार रेषा काढल्या होत्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे हाती होते आणि एका वर्षाची रेषा निघत नाही. ही आकृती बाकीच्यांपेक्षा कमी उपयोगाची, असे खुद्द प्लेफेअरचे मत होते. काळाने त्याला खोटे पाडले.

विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की एका समान अक्षावरची स्थाने माणूस सर्वांत अचूक ताडतो, लांबी त्यानंतर. रंगाच्या गडद-फिकटपणावरून मूल्य ओळखताना तो बराच चुकतो. त्यामुळे स्तंभालेखात ‘किती’ हे लांबीने सांगावे आणि रंगाकडे ‘कोणत्या वर्गातले’ एवढेच काम द्यावे.

मूल्यपल्ला : मूल्याचे स्तंभाच्या उंचीत रूपांतर करणारे सूत्र साधे आहे. मूल्यातून अक्षाचे किमान टोक वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान टोकांमधील अंतराने भागायचे आणि आकृतीच्या उंचीने गुणायचे. समजा, ४८ आणि ५२ ही दोन मूल्ये ३०० पिक्सेल उंचीच्या आकृतीत दाखवायची आहेत. अक्ष ० ते ६० धरला तर स्तंभ २४० आणि २६० पिक्सेलचे होतात. तोच अक्ष ४५ ते ५५ धरला तर ९० आणि २१० पिक्सेलचे. खरा फरक साधारण ८ टक्क्यांचा; दुसऱ्या आकृतीत मात्र एक स्तंभ दुसऱ्याच्या दुपटीहून उंच दिसतो. आकडे खरे आणि चित्र खोटे, असा हा प्रकार निवडणुकीच्या दिवसांत सर्रास पाहायला मिळतो. रेषालेखात अक्ष शून्यापासून नसला तरी चालते, कारण तिथे चढउतार वाचायचा असतो. स्तंभाची लांबीच अर्थ सांगत असल्याने त्याचा पाया शून्यावर हवा. लहान फरकच दाखवायचा असेल तर स्तंभ सोडून ठिपके काढावेत.

शून्य नेहमी तळाशी असते असेही नाही. सरासरीच्या तुलनेत पाऊस किती कमी-जास्त झाला हे दाखवताना शून्य मध्ये येते आणि स्तंभ वर-खाली जातात. अशा वेळी पल्ला दोन्ही बाजूंना सारखाच ठेवणे, उदाहरणार्थ उणे १०० ते अधिक १००, हे वाचणाऱ्याच्या सोयीचे. लॉगरिदमी अक्षावर (ज्यात प्रत्येक पायरीला मूल्य ठरावीक पटीने वाढते) तर शून्याला जागाच नसते; तिथे स्तंभ काढण्यात अर्थ नाही.

प्रत्येक साधनाची तऱ्हा वेगळी. वेबपानांवर आलेख काढणारे चार्ट.जेएस स्तंभालेखाचा अक्ष मुळातच शून्यापासून सुरू करते. एक्सेल मात्र आकडे एकमेकांच्या फार जवळ असले तर न विचारता अक्ष वर उचलते. पायथॉनमधील मॅटप्लॉटलिब या संग्रहात ‘सेट_वायलिम’ने पल्ला बदलला, की त्याबाहेरचा भाग फक्त कापला जातो. आर या संगणकभाषेतल्या जीजीप्लॉट२ मध्ये पट्टीची (स्केलची) मर्यादा ५० ते १०० अशी दिली, तर स्तंभ अर्धवट दिसण्याऐवजी गायबच होतात. स्तंभाचा पाया शून्यावर असतो, शून्य मर्यादेबाहेर पडते आणि प्रोग्राम आकडेवारीतली ती ओळच गाळतो. तळाशी एक सूचना तेवढी येते. नवशिक्यांचा यात हमखास वेळ जातो. नुसते जवळून पाहायचे असेल तर मर्यादा पट्टीला न देता निर्देशक-प्रतलाला (‘कोऑर्ड’ला) द्यावी लागते. वेबपानांसाठीच्याच डी३ या संग्रहाच्या वापरणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. पडद्यावरचा वाय-अक्ष वरून खाली मोजला जातो, म्हणून पल्ल्याची टोके उलट क्रमाने दिली नाहीत तर स्तंभ छताला लटकतात.

रंग : आकडेवारीच्या चित्रांत रंगांचे तीन संच मानतात. चढत्या मूल्यांसाठी फिकटाकडून गडदकडे जाणारा, मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळे रंग असलेला आणि ज्यांत क्रम नाही अशा गटांसाठी निरनिराळ्या रंगांचा. अमेरिकन नकाशाशास्त्रज्ञ सिंथिया ब्रूअर यांच्या ‘कलरब्रूअर’ या साधनाने ही विभागणी रूढ केली. प्रत्येक स्तंभाला केवळ शोभेसाठी वेगळा रंग देणे यांपैकी कशातच बसत नाही.

मूल्यानुसार रंग देताना वर्गांच्या सीमा कुठून आणायच्या? हाती आलेल्या आकड्यांचे सारखे भाग पाडणे सोपे, पण मग दर महिन्याला सीमा हलतात आणि काल लाल असलेले मूल्य आज पिवळे होते. सीमा बाहेरून, ठरलेल्या मानकातून घेतलेल्या बऱ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात ० ते ५० गडद हिरवा, ५१ ते १०० फिकट हिरवा, १०१ ते २०० पिवळा, २०१ ते ३०० नारिंगी, ३०१ ते ४०० लाल आणि ४०१ ते ५०० गडद तांबडा, असे सहा वर्ग आहेत. शहरांच्या निर्देशांकांचा स्तंभालेख काढणाऱ्याला रंग आयते मिळतात. मात्र कोणत्या देशाचा निर्देशांक हे पाहून घ्यावे : १६० हा आकडा भारतात पिवळ्या वर्गात येतो, अमेरिकेच्या पट्टीवर लाल. शिवाय दोन्हीकडे प्रदूषकांवरून निर्देशांक काढण्याची सूत्रेही वेगळी आहेत, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याच्या रंगांत रंगवता येत नाहीत.

गोची होते ती सीमेवर. निर्देशांक पूर्णांकात असतो, पण अनेक दिवसांची सरासरी काढली की १००.४ सारखी मूल्ये येतात. ‘१०० पर्यंत फिकट हिरवा, १०१ पासून पिवळा’ असे जसेच्या तसे लिहिलेल्या प्रोग्राममध्ये हा स्तंभ बिनरंगाचा राहतो. आधी पूर्णांकात आणणे हा त्यावरचा सरळ उपाय. दुसरा प्रश्न असा, की बरोबर सीमेवरचे मूल्य कोणत्या वर्गात? डी३ ची उंबरठा-पट्टी (दिलेल्या सीमांवरून वर्ग ठरवणारी) आणि मॅटप्लॉटलिबचे ‘बाउंडरीनॉर्म’ ते वरच्या वर्गात टाकतात. पायथॉनमधल्याच पांडाज या आकडेवारी-संग्रहाचे ‘कट’ ते खालच्या वर्गात ठेवते. सीमा म्हणून ५०, १००, २०० हेच आकडे दिले तर ५० निर्देशांकाचे शहर एका ठिकाणी फिकट हिरवे आणि दुसऱ्या ठिकाणी गडद हिरवे दिसेल. पांडाजचे ‘कट’ तर पहिली सीमा ० असताना शून्य हे मूल्यच वगळते. ते धरायचे असेल तर तसे वेगळे सांगावे लागते.

रंगांची यादी आणि मूल्यांची यादी वेगवेगळी ठेवणेही धोक्याचे. चार्ट.जेएसमध्ये रंग स्तंभाच्या क्रमांकाप्रमाणे लागतात. मूल्ये उतरत्या क्रमाने लावली आणि रंग तसेच राहू दिले, की स्वच्छ हवेचे गाव लाल होऊन बसते. रंग दर वेळी मूल्यावरूनच काढणारे छोटे फंक्शन लिहिले, की हा प्रश्न उरत नाही. एक्सेलच्या आलेखात असा नियम थेट लावता येत नाही. म्हणून ऑफिसांत प्रत्येक वर्गासाठी एक जादा कॉलम करून, सूत्राने मूल्य योग्य कॉलमात टाकून, सगळ्या मालिका १०० टक्के एकमेकींवर बसवतात. ओबडधोबड, पण चालणारी युक्ती.

रूढ रंग नेहमी तर्काला धरून असतातच असे नाही. भारतीय हवामान विभागाच्या पर्जन्य-नकाशांत सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पावसाला लाल रंग असतो आणि ६० ते ९९ टक्के कमी असेल तर पिवळा. मराठवाडा किंवा विदर्भ लालवरून पिवळा झाला तर परिस्थिती सुधारली नसून बिघडलेली असते. हेच आकडे स्तंभांनी दाखवताना विभागाचे रंग पाळायचे, की निळ्यापासून तपकिरीपर्यंतचा क्रमवार संच घ्यायचा, हा प्रश्न पडतोच. नकाशाशेजारी आलेख छापायचा असेल तर विभागाचेच रंग ठेवणे भाग आहे. स्वतंत्र आलेखात क्रमवार संच उजवा.

लाल-हिरव्यातला फरक न कळणारे वाचकही असतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. हवा निर्देशांकासारख्या हिरव्या-लाल पट्ट्यात त्यांची अडचण होते. मानक रंग बदलता येत नसतील तर स्तंभाच्या टोकाशी आकडा आणि वर्गाचे नाव छापावे, वर्गसीमांच्या आडव्या बारीक रेषा आखाव्यात. कृष्णधवल छपाईतही मग आलेख वाचता येतो.