पाणी वाटलं जातं, माहिती दुप्पट होते

मराठवाड्यात ठिबकच्या दुकानात ‘टी’ मागितली की दुकानदार ‘किती एमएमची?’ एवढंच विचारतो. युनिक्स या संगणकप्रणालीतल्या ‘टी’ कमांडचं नाव नळाच्या याच तुकड्यावरून पडलंय. शेतात मात्र टी लावली की पाणी दोन्हीकडे विभागून जातं. संगणकात माहिती दोन्हीकडे पूर्णच्या पूर्ण.

एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला जोडावं, ही कल्पना बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच मांडली होती. त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी ती १९७३ मध्ये युनिक्समध्ये आणली. हाच ‘पाइप’, लिहायचा ‘|’ असा.

समजा, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या रोजच्या पावसाच्या नोंदींवरून एक प्रोग्राम तालुकावार बेरीज काढतो. पुढे ‘>’ आणि फाइलचं नाव लिहिलं, तर बेरजा गुपचूप फाइलमध्ये जातात, पडद्यावर काहीच नाही. त्या नावाची जुनी फाइल असेल तर प्रोग्राम सुरू होण्याआधीच शेल (आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ती कोरी करतं! म्हणून एकच फाइल वाचायची आणि तिच्यातच ‘>’ने लिहायचं, हा उद्योग करू नये. जुन्याखाली भर घालायला ‘>>’ आहे. ‘| टी’ लावून फाइलचं नाव दिलं (कीबोर्डवर अर्थात रोमन अक्षरांत), की बेरजा पडद्यावरही दिसतात आणि फाइलमध्येही उतरतात. जुना मजकूर टीही पुसते. तो राखायचा तर ‘-ए’ जोडायचं.

खरी गंमत चुकांच्या संदेशांची. प्रोग्रामला सुरुवातीलाच तीन वाटा मिळतात: ० इनपुट, १ आउटपुट, २ तक्रारी. पाइप फक्त १ला जोडला जातो. उदगीरच्या नोंदीत आकड्याच्या जागी अक्षर घुसलं, तर प्रोग्रामची ओरड पडद्यावर दिसेल, टीच्या फाइलमध्ये नाही. त्यासाठी पाइपच्या आधी ‘२>&१’ लिहायचं. अर्थ असा, की १ आत्ता जिथं जातंय तिथंच २ला पाठव. ‘आत्ता’ महत्त्वाचं, कारण शेल डावीकडून उजवीकडे वाचतं. ‘> फाइल २>&१’ लिहिलं तर दोन्ही फाइलमध्ये. उलट क्रमानं लिहिलं, तर २ पडद्याकडे वळतं आणि १ एकटंच फाइलमध्ये जातं. मुरलेलेही इथं फसतात.

रात्री आपोआप चालणाऱ्या कामांत आणखी एक खोच आहे. पाइपनं जोडलेल्या सगळ्या रांगेचा निकाल शेल शेवटच्या कमांडवरून ठरवतं. बेरजेचा प्रोग्राम मध्येच कोसळला, तरी टीनं आलेलं नीट लिहिलेलं असतं. शेल म्हणणार, काम फत्ते. बॅश या शेलमध्ये आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहिलं, तर रांगेतलं कुणीही नापास झालं की सगळी रांग नापास.