निम्म्या गिझरवर तीन हजार किलोमीटर

बाथरूममधला साधा गिझर दोन हजार वॉट ओढतो. त्याच्या निम्म्या विजेवर माणूस बसलेली गाडी ताशी ऐंशीने दिवसभर पळवायची, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी 2001 पासून हाच उद्योग करतात. गाडीचं नाव ‘नुना’, आणि ती चालते फक्त उन्हाच्या विजेवर. अशा सौर गाड्यांची शर्यत ऑस्ट्रेलियात, डार्विन ते अ‍ॅडलेड, सुमारे 3,000 किलोमीटर.

भर उन्हात चौरस मीटरमागे साधारण 1,000 वॉट मिळतात. 2019 च्या नियमांनुसार सिलिकॉनचं पॅनेल फक्त 4 चौरस मीटर, आणि त्यातल्या जेमतेम पाव उन्हाची वीज होते. म्हणजे ऐन दुपारीसुद्धा हाती हजारेक वॉट!

खरा खर्च हवेचा. हवा बाजूला सारायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ऐंशीवरून शंभरवर गेलात की ती जवळपास दुप्पट. म्हणून गाडी चपटी, चालक अर्धवट आडवा, आणि मोटर थेट चाकात, म्हणजे गिअर-साखळीत वीज वाया जायला नको. डावपेचही गमतीचे. ढगाची सावली आली की आपण वेग कमी करू. हे लोक उलट तिथून जरा जोरात सटकतात आणि उन्हात किंचित रेंगाळतात.

संध्याकाळी पाचला असाल तिथे मुक्काम. मग पॅनेल उचलून मावळतीकडे तिरकं धरायचं, सूर्य बुडेपर्यंत. सकाळी पुन्हा तेच, उगवतीकडे तोंड करून. वाळवणाची पाटी सरकत्या उन्हामागे हलवणारी आजी इथे सहज खपून जाईल.

2005 मध्ये ‘नुना 3’ ने सरासरी ताशी 103 किलोमीटर गाठले. त्यानंतर आयोजकांनी पॅनेलचं क्षेत्रफळच कमी करून टाकलं. हुशार पोराला जास्त अवघड पेपर द्यावा, तसं. मला तरी ते योग्यच वाटतं.

गाडी इतकी हलकी ठेवायची किंमतही असते. 2019 मध्ये आघाडीवर असलेली ट्वेंटे विद्यापीठाची गाडी आडव्या वाऱ्याने रस्त्याबाहेर फेकली गेली. पुढे आली नुना. शेवटच्या दिवशी, अ‍ॅडलेड अडीचशेएक किलोमीटरवर असताना तिने पेट घेतला. चालक सुखरूप बाहेर पडला, गाडी जळून गेली, आणि मागून येणारे बेल्जियमच्या ल्यूव्हेनचे विद्यार्थी पहिले आले.